नायिकेची पावलं

मध्यंतरालाच प्रेक्षकांनी खुनी ओळखला, आणि तोही चुकीचा. सिनेमा अंधाऱ्या गल्ल्यांचा, खुनाचा आणि प्रेमाचा. खुन्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. इन्स्पेक्टर जिच्यावर जीव जडवून बसतो ती बिचारी निर्दोष, आणि सगळी कथा त्यावरच उभी. पण चाचणीच्या खेळाला बोलावलेल्या बाराही जणांनी सांगून टाकलं की खुनी तीच.

दिग्दर्शकाने लेखकाला फैलावर घेतलं. लेखकाने नटीकडे बोट दाखवलं, म्हणे ती काहीतरी लपवल्यासारखी हसते. मग तिचं हसणं जिथे दिसेल तिथे कापलं. न हसणारी नायिका दुसऱ्या बारा जणांना चांगलीच खुनशी वाटली. इन्स्पेक्टरने तिला जवळ घेतलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी त्याला "अहो, सांभाळा" असं काळजीने सांगितलं.

शेवटी ध्वनिमुद्रकाने पडद्याकडे पाठ करून सगळा सिनेमा नुसता ऐकला आणि पावलंवाल्या काकांना बोलावणं धाडलं.

सिनेमातली पावलं मागाहून मुद्रित करतात. फरशी, वाळू, फळ्या मांडलेल्या खोलीत पडद्यावरच्या माणसाच्या बरोबरीने कुणीतरी चालायचं. सव्वीस वर्षं पुरुषांची पावलं काका चालले आणि बायकांची काकू. काकू चार महिन्यांपूर्वी गेल्या. आता दुसरी कुणी येऊन त्यांच्या सँडलमध्ये पाय घालणार, हे काकांना सोसवेना. त्यांनी कुणाला न सांगता स्वतःच त्या सँडल कशाबशा चढवल्या आणि नायिका चालून टाकली. खुनीही तेच चालले होते.

"नायिका आणि खुनी, दोघांचाही उजवा पाय घासतोय, काका," ध्वनिमुद्रक म्हणाला.

काका मान खाली घालून टाचेवरच्या फोडाकडे बघत राहिले. दिग्दर्शक नवी बाई बोलवायला सांगून तणतणत निघून गेला. तेव्हा ध्वनिमुद्रकाने चाचरत सुचवलं की जुन्या कामातली काकूंची मुद्रित पावलं कपाटात आहेत, तीच लावू. ते कपाट काकांनी चार महिने उघडलं नव्हतं. त्याच्याकडे बघितलं तरी फार दुखायचं.

उघडलं एकदाचं. दोन दिवस दोघं खपले. काका ऐकायचे, डोळे पुसायचे आणि मध्येच थांबवायचे. "हे नको. त्या दिवशी माझ्याशी भांडून आली होती. इथे लावलंस तर पुन्हा खुनी ठरेल."

तिसऱ्या चाचणीत खुनी कुणालाच ओळखता आला नाही. दिग्दर्शक सुखावला. शेवटी नायिका इन्स्पेक्टरला कायमची सोडून निघते, पडदा काळा होतो आणि तिची पावलं दूर जात विरतात, असं ठरलं होतं. ती विरली नाहीत. काळ्या पडद्यावर ती जवळ जवळ येत गेली आणि हॉलच्या दाराशी येऊन थांबली.

दिवे लागले. दिग्दर्शक काकांसमोर येऊन उभा राहिला. "काका, ती गेली ना? मग परत कशी येते?"

"कळतं हो मला," काका म्हणाले. "जातानाची लावायला बसलो होतो. नाही जमलं."

दिग्दर्शकाने प्रेक्षकांकडे पाहिलं. एकही जण उठला नव्हता. बाराही जण पडद्याकडे पाठ करून दाराकडे बघत होते. पावलं स्वतःच लावली होती, तरी काकांनीही मान वळवली.