दोनशे बावीस काट्यांचा कौल

निंगशीचा बेत इतका पक्का होता, की तो फसायला खुद्द देवाला मध्ये पडावं लागलं असतं. आणि नेमकं तसंच झालं!

त्सोउ निंगशी सिन्चूला इंजिनीयरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला तैपेईतल्या एका कंपनीची उन्हाळ्याच्या सुट्टीतली इंटर्नशिप मिळाली होती. ती दोन दिवसांसाठी घरी आली होती, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कंपनीला हो किंवा नाही कळवायचं होतं. पण बाबा उजव्या मनगटाला पट्टी बांधून वाटच बघत होते, की पोरगी कधी एकदा सुट्टीला घरी येते आणि माशांना हात लावते. ताइनानमध्ये त्यांचं शिमू माशाच्या पेजेचं दुकान होतं. पहाटे चारला उघडायचं, दुपारी एकला बंद. एका शिमू माशात काटे असतात दोनशे बावीस, आणि बाबा रोज साठ माशांचे काटे हाताने काढत.

निंगशीने ठरवलं, आधी गल्लीतल्या वांगये देवाचा कौल लावायचा. तिचा स्वतःचा देवावर विश्वास यथातथाच होता. पण बाबा जगात फक्त त्या एकाचंच ऐकत. देव हो म्हणाला, की बाबांपुढे जाऊन म्हणायचं, "माझं काही नाही बाबा, वरून हुकूम आलाय!" बाबा दुपारी झोपतात, तेव्हा गुपचूप जायचं. पंधरा मिनिटांचं काम!

तीन वाजता ती देवळात पोचली, तर पुढे रांग. तिचा नंबर आला तोवर मागे सातजण उभे होते. तिने लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या. एक उताणी आणि एक पालथी पडली तर देवाचा होकार, तोही सलग तीनदा लागतो. दोन्ही पालथ्या म्हणजे नकार. दोन्ही उताण्या म्हणजे देव नुसता हसतोय.

"मी त्सोउ निंगशी," ती पुटपुटली. देवाला नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगावाच लागतो. गल्लीत बभ्रा नको म्हणून तिने हळूच कॉलेजच्या होस्टेलचा पत्ता सांगितला. "इंटर्नशिपला जाऊ का?"

खट्! दोन्ही उताण्या.

"हसला गं हसला!" देवळात सेवा करणाऱ्या ल्याओ मावशी ओरडल्या. मावशींना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या सगळ्या जगाला बहिरं समजून बोलत. "पत्ता कुठला दिलास?"

"होस्टेलचा."

"अगं बाई! देवाने आता तुझ्यासाठी सिन्चूला खेटे घालायचे? घरचा सांग घरचा! मोठ्याने!"

निंगशीने घरचा पत्ता सांगितला. मावशींनी तो त्याहून मोठ्याने देवाला परत सांगितला, न जाणो त्यालाही ऐकू आला नसला तर! मागची रांग एकदम ताजीतवानी झाली.

"अरे, ही तर मासेवाल्या त्सोउची पोरगी!" टॅक्सीवाले हुंग काका म्हणाले. ते रोज सकाळी बाबांच्या दुकानात पेज प्यायचे. "केवढी झालीस गं!"

"तैपेईच्या कंपनीत इंटर्नशिपला जाऊ का?" निंगशीने मोठ्याने विचारलं आणि घाईघाईने कोरी टाकल्या. पुन्हा दोन्ही उताण्या!

"दोनदा हसला म्हणजे तू काहीतरी लपवतेयस," मावशींनी निदान केलं. "कंपनी करते काय?"

"यंत्रं बनवते."

"कसली?"

निंगशीने मान खाली घातली. "माशातले काटे काढायची."

रांगेतल्या सातही माना एकदम पुढे आल्या. तीस वर्षं हाताने काटे काढणाऱ्या बापाची लेक आणि काटे काढायच्या यंत्राच्या कारखान्यात! बाबांचं मनगट बघून बघूनच तिने तिथे अर्ज केला होता. पण हे बाबांना सांगायचं कोणत्या तोंडाने, हे तिला महिनाभर सुचलं नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. ते पाहून हुंग काका कळवळले, बाजूला गेले आणि त्यांनी फोन लावला. "त्सोउ, लवकर ये! तुझी पोरगी देवळात रडतेय. तैपेईला जायचं म्हणतेय, आणि तुला सांगायची सोय नाही म्हणे!"

इकडे निंगशीने डोळे पुसले. "आता खरं खरं विचारते, देवा. बाबांना न सांगताच आज हो म्हणून कळवून टाकू का?"

तिने कोरी टाकल्या. एक कोर पालथी पडली. दुसरी उडाली, फरशीवरून घसरली आणि नैवेद्याच्या टेबलाच्या झालरीखाली गडप झाली!

"उचलू नकोस! बघून सांग, कशी पडलीय!" मावशी ओरडल्या.

निंगशी गुडघ्यांवर झालरीखाली शिरली. आत अंधार आणि संत्र्यांचा वास. कोर पालथी पडली होती. म्हणजे नकार!

तिथे तिला पाहणारं कुणी नव्हतं. एका बोटाने उलटवली असती, तरी बाहेर जयजयकार झाला असता. तिने बोट पुढेसुद्धा केलं. तेवढ्यात झालरीच्या पलीकडे पांढरे रबरी बूट येऊन उभे राहिले. माशांचा वास आला.

"कोण आहे तो?" बाबांचा आवाज कडाडला. "तैपेईचा कोण आहे तो, ज्याच्यासाठी माझी पोरगी रडतेय?"

"यंत्र!" रांग एका सुरात म्हणाली.

"हे कसलं नाव?"

निंगशीने बोट मागे घेतलं आणि ती बाहेर आली. केसांना कोळिष्टकं, गुडघ्यांना उदबत्तीची राख. "नाही पडलंय," ती म्हणाली. "देव नको म्हणतोय." आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं: इंटर्नशिप, यंत्र, पाचची मुदत, बाबांचं मनगट.

बाबांनी वाकून झालरीखालची कोर बाहेर काढली.

"तू विचारलं काय होतंस?"

"तुम्हाला न सांगता हो म्हणू का."

"मग नकोच म्हणणार की! देवाला अक्कल आहे!" बाबांनी पट्टीच्याच हातात कोरी घेतल्या. "देवा, मी त्सोउ. पत्ता मावशींनी सांगितलाच असेल, अख्ख्या ताइनानला पाठ झाला असेल. पोरीला जाऊ देऊ का?"

खट्! होकार. खट्! होकार. तिसऱ्यांदा कोरी टाकताना बाबांचा हात जरा थांबला, हे फक्त निंगशीला दिसलं. खट्! होकार!

हुंग काकांनी शिट्टी वाजवली. पाचला दहा कमी असताना निंगशीने फोनवरून 'येते' असं कळवलं.

"किती वर्षं?" बाबांनी बाहेर पडताना विचारलं.

"दोन महिने, बाबा."

"दोन महिने? मग रडत काय होतीस, वेडे! आणि ऐक, मनगटाला हातभार लावेल असं बनवा काहीतरी." त्यांचे डोळे ओले होते. ते उदबत्तीच्या धुराला दोष देत होते.

जुलैच्या पहिल्या दिवशी निंगशी नवा शर्ट घालून तैपेईच्या कंपनीत हजर झाली. आता संगणक, आराखडे, कॅमेरे! साहेबांनी हसत स्वागत केलं. "तुमच्या अर्जात घरची माहिती वाचली, तेव्हाच ठरवलं, हीच पाहिजे! वडिलांचं शिमू माशाचं दुकान! अहो, यंत्राला शिकवायला आधी कुणीतरी हाताने काटे काढून दाखवायला नको का? इथे कुणाला येतच नाही!"

टेबलावर तीन पेट्या होत्या. शिमू मासे, साठच्या साठ. वर कॅमेरा. शेजारी रबरी हातमोजे.

तासाभराने तिने बाबांना फोन केला. "बाबा, पोटाकडचे बारीक काटे तुम्ही कसे काढता हो?"

पलीकडे बाबा इतके हसले, की त्यांना फोन हुंग काकांच्या हातात द्यावा लागला.

"तुझे बाबा म्हणतायत," काका म्हणाले, "देव दोनदा का हसला होता, ते आत्ता कळलं!"