एका पत्त्यावरची सतरा माणसं

सरांना जाऊन तीन आठवडे झाले, तरी त्यांचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी 'टुंग' करत होता. त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून उठून यायची, पडद्याकडे बघायची आणि काही न उघडता परत जायची. हातात भांडं घेतलं की पुन्हा टुंग.

"अगं, एका जागी बस की जरा," आई म्हणाली. "सकाळपासून पायाला चाकं लावल्यासारखी फिरतेयस."

"त्यालाच आधी गप्प बसवते," असं म्हणून मुलगी सरांच्या खुर्चीत बसली.

पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. आलेल्या ईमेलला आपोआप उत्तर जाण्याची सोय असते, एवढं तिला माहीत होतं. मजकुराला मात्र अर्धा तास लागला. पहिला फार लांब झाला, दुसऱ्यात 'आमचे बाबा' आलं आणि पुढे लिहवेना, तिसरा सरकारी वाटला. चौथा तिने ठेवला: 'या पत्त्यावरील व्यक्तीचे निधन झाले आहे. कृपया पुन्हा लिहू नये.' बटण दाबलं, आवाज बंद केला आणि घर एकदम शांत झालं. ही सोमवारची गोष्ट.

मंगळवारी दुपारी समोरची शिंपीण गळ्यातली टेप न काढताच आत आली.

"ताई, माझ्या पोरीला कोणी मारलं?"

"अगं बाई! काय झालं तिला?" आईच्या हातातली काचेची ताटली खाली पडली.

"तिला काही झालेलं नाही, ती घरात चहा पितेय! पण मुलाच्या आईचा फोन आला. 'फार वाईट झालं हो, इतकी गोड मुलगी, फोटोत किती हसत होती.' फोन पोरीनंच घेतलेला. ही म्हणाली, 'अहो, मीच बोलतेय.' तर तिकडे जी किंकाळी उठली, ती अजून माझ्या कानात आहे. एवढं जमत आलेलं स्थळ!"

"पण मावशी, त्यांना असं कोणी कळवलं?" मुलीने विचारलं.

"तुमच्याकडूनच गेलंय. विवाहमंडळात तिचा पत्ता सरांचाच नाही का?"

मुलीने आईकडे पाहिलं. आईने ताटलीचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली.

सरांचा टायपिंगचा क्लास एकतीस वर्षं चालला आणि गल्लीतला पहिला कॉम्प्युटर त्यांचा. ईमेलचा पत्ता काढताना त्यांना नुसता 'सर' हवा होता. तो आधीच कोणीतरी घेतलेला. कंपनीने 'सर ४८१७' सुचवला. "म्हणजे माझ्या आधी चार हजार आठशे सोळा सर रांगेत उभे आहेत?" असं म्हणून सर तीन दिवस कॉम्प्युटरशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी 'एकच-सर' असा पत्ता टाकला. तो मिळाला. त्याच आठवड्यात त्यांनी तो क्लासच्या पाटीवर रंगवून घेतला.

"गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म हेच भरायचे," आई सांगू लागली. "ईमेलच्या चौकटीशी आले की लोक म्हणायचे, आमचा नाही. हे म्हणायचे, वेगळा हवा कशाला, मी आहे ना! मग पत्र आलं की छापायचे, कोपऱ्यात पेन्सिलीनं ज्याचं त्याचं नाव घालायचे आणि संध्याकाळी घरोघर देऊन यायचे."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"दर फोनला सांगायचे. तू विचारायचीस बाबा कुठे, मी म्हणायचे टपाल वाटायला गेलेत. तुला चेष्टा वाटायची."

खणात वही होती. त्यात सतरा नावं होती. मुलीने बोट ठेवून मोजली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. सोमवारपासून तिने सतरा धडधाकट माणसं मारली होती.

सातव्या नावावर बोट असतानाच ते नाव दारात उभं राहिलं. काका, सरांचे धाकटे भाऊ. डोळ्यांतल्या मोतीबिंदूमुळे त्यांनी आधी खुंटीवरच्या छत्रीला हात केला, मग माणसांकडे वळले.

"वहिनी, मी गेलो म्हणे. मला निदान आधी कळवायचं तरी!"

आठ महिने वाट पाहून काकांना ऑपरेशनची तारीख मिळाली होती. गुरुवार, सकाळी दहा. दवाखान्याचा नेहमीचा पेशंट असल्यासारखे ते सहज चौकशीला गेले, तर खिडकीतल्या बाईने त्यांना सांगितलं, की हा रुग्ण वारला आणि तारीख दुसऱ्याला देणार आहेत.

"मी म्हटलं, बाई, रुग्ण मीच. ती म्हणते, असं सगळेच म्हणतात. लावा फोन तिला. पुन्हा आठ महिने थांबलो तर भिंतीशीच बोलायला लागेन मी."

मुलीने फोन लावला आणि काकांच्या हातात दिला. खिडकीतल्या बाईचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"हे बघा आजोबा, तुम्ही मयत असल्याचं पत्र तुमच्याच पत्त्यावरून आलंय. आता मी कोणावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर! मी बोलतोय ना!"

"फोनवर कोणीही जिवंत असू शकतं. नोंदवलेल्या पत्त्यावरून लेखी कळवा. चार वाजेपर्यंत."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलगी खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. तो संदेश आधी काढायला हवा, हे तिला कळत होतं. पण एवढं एक पत्र जाऊ दे, मग बघू, असं म्हणून तिने टाइप केलं: 'मी हयात आहे. तारीख कायम ठेवावी.' खाली काकांचं नाव घातलं आणि पाठवलं.

दवाखान्याची पोच लगेच आली. पोचेला आपोआप उत्तरही लगेच गेलं. फोन वाजला.

"दोन मिनिटांत परत गेलात?" बाईने विचारलं.

काका खुर्चीची पाठ धरून स्टुलावर बसले. "बाळ, एकदा काय ते ठरव. मला हे सारखं जाणं-येणं झेपत नाही."

शिंपीणही मागून म्हणाली, "आणि त्यांचं झालं की आमच्या पोरीला उठव गं बाई."

मुलीने तो संदेश उघडला. चौथ्या खेपेला जमलेली दोन वाक्यं. वडिलांविषयी तीन आठवड्यांत तिने लिहिलेलं तेवढंच होतं. पडद्याने विचारलं: 'हा संदेश काढून टाकायचा?' खाली 'हो' आणि 'नाही'. ती इतका वेळ बघत राहिली, की काकांनी हळूच विचारलं, "यंत्र अडलं का?"

"नाही. मीच अडलेय," ती म्हणाली आणि 'हो' दाबलं.

चारला सात मिनिटं असताना काका कागदोपत्री जिवंत झाले. त्यामागून शिंपिणीची मुलगी, मग वहीतले बाकीचे, एकामागून एक. हात दुखेपर्यंत मुलगी तेच वाक्य टाइप करत होती.

"आता प्रत्येकाला वेगळा पत्ता काढून देते आणि हा बंद करते," ती शेवटी म्हणाली. "काका, आधी तुमचा. काय नाव हवंय?"

"नुसतं 'काका' मिळतंय का बघ."

ते गेलेलं होतं. पडद्याने 'काका ९२०६' सुचवलं.

"माझ्या आधी नऊ हजार काका?" काका ताठ झाले. "ऊठ वहिनी, चहा टाक. आहे तोच पत्ता बरा आहे. आता पत्रं वाटायला, बाळ, तू येशील, नाहीतर मी येईन न्यायला. डोळा झाला की."

मुलगी हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आणि थोडी चुकल्यासारखी. तिने बंद केलेला आवाज पुन्हा चालू केला, तोच टुंग झालं.

दवाखान्याचं पत्र होतं. घाईत त्यांच्याकडून रुग्णाचं नाव राहिलं होतं, नुसता पत्ताच वर उमटला होता: 'प्रिय एकच सर, आपण हयात असल्याचे कळून आनंद झाला. गुरुवारी सकाळी दहाला उपाशीपोटी यावे.'

तिने ते छापायला लावलं आणि खणातून सरांची पेन्सिल काढली.

"कोणाचं गं?" आईने आतून विचारलं.

"काकांचं."

कोपऱ्यात काकांचं नाव घालून तिने कागद त्यांच्या हाती दिला. मग तेच पत्र पुन्हा एकदा छापलं. त्याच्या कोपऱ्यात काहीच लिहिलं नाही. घडी घालून ते वहीत ठेवलं आणि खण लावून टाकला.