पहिले म्युझियम, मंग चहा

मे महिन्यात अख्खं रायपूर भाजून निघतं, तेव्हा आमच्या शेजारचे वानखेडेकाका कूलर बंद करून, रेनडिअरच्या कातड्याचे बूट पायात घालून बसतात. कूलरच्या ओलाव्यानं कातडं खराब होतं म्हणे. काकांचं काय होतं, ते काकूंना विचारा.

रेल्वेतून रिटायर झाल्यावर काकांनी बैठकीच्या खोलीत, पार उत्तरेकडच्या बर्फात राहणाऱ्या सामी आदिवासींचं संग्रहालय थाटलं. हाडाच्या मुठीचा सुरा, लाकडी वाटी, विणलेले पट्टे, भिंतीवर नकाशा. मुलगी मीनल नॉर्वेत असते, ती पार्सलं पाठवते. घरी वर्गणीवाला येवो की गॅसवाला, काकांचा नियम एकच: "पहिले म्युझियम, मंग चहा." कोणी चुकून एस्किमो म्हटलं, तर त्याचा चहा गेलाच समजा.

एकदा मला घेऊन ते नवा रायपूर या नव्या सरकारी शहरात गेले. तिथल्या एका आदिवासी संग्रहालयात सामींनाही एक खोली द्यावी, असा अर्ज होता. तिथले साहेब सज्जन. हव काका, हो काका म्हणत त्यांनी अर्ज ठेवून घेतला. परतताना त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर बसची वाट बघत काका तासभर धुमसत होते. "या लोकायची उत्तर दिशा अंबिकापूरले संपते," म्हणाले. अंबिकापूर म्हणजे आमच्या छत्तीसगडचं वरचं टोक.

सामी लोक बुटात मोज्यांऐवजी वाळलं गवत भरतात. काका धानाचा पेंढा भरतात आणि दर महिन्याला बदलतात. गेल्या नोव्हेंबरात ते काम चालू असताना मी थट्टेनं विचारलं, एवढं सगळं कोणासाठी? ते हसले नाहीत.

"मीनलचा नवरा सामी आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आला, तं मी त्याले या खोलीत पाय ठेवू देल्ला नाही. माह्यासाठी हे बूट आणले होते त्यानं. ओट्यावर ठेवून निघून गेला. आता डिसेंबरात येतो म्हणून राहिला. येईन ना रे तो?"

येईल, म्हणालो. इतकी वर्षं या माणसाची टिंगल केली, त्याची लाज वाटली.

तो आला. अख्खा मोहल्ला ओट्याभोवती जमला होता. काका तेच बूट घालून दारात उभे. आता नकाशापासून सुरुवात होणार, म्हणून आम्ही तयारीत होतो. काकांनी जावयाचा हात धरला, त्याला आत नेऊन स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि त्याला एक अक्षर कळत नसताना मराठीतच म्हणाले, "जावईबापू, पहिले चहा."