दौलतरावांनी खोली रिव्हर्स घेतली

दौलतराव एखाद्या कामाला एकदा 'होते' म्हणाले की ते होतंच, अशी रिठद गावात समजूत आहे. ही समजूत त्यांनी स्वतःच पसरवलेली, पण आहे. माणसाची सारी नोकरी एसटीत वाहक म्हणून गेली. गाडीत पाय ठेवायला जागा नसताना "पुढं सरका, पुढं गाडी रिकामी हाय" असं जो रोज छातीठोकपणे सांगत आला, त्याचा स्वतःवरचा भरवसा कसा डळमळणार?

निवृत्त झाल्यावर एक दिवस ओसरीत बसून त्यांनी घोषणा केली, "आता आपण वावरात राह्यचं. तिथं अशी खोली बांधतो, का वैशाखात भर दुपारी आंगावर गोधडी घ्या लागन."

"आपण म्हंजे कोण कोण?" पंचफुलाबाईंनी आतून विचारलं.

"तू अन् मी."

"तुमचं तुमी पाहा. माझं मी खोली पाहून सांगतो."

एवढं ऐकून दुसरा नवरा जरा विचारात पडला असता. दौलतरावांनी तो होकार धरला आणि कामाला लागले.

पंचफुलाबाईंचा धाकटा भाऊ नरेंद्र बांधकामाचा ठेकेदार. बहिणीची खोली आपल्याशिवाय कोण बांधणार, या खात्रीनं तो टेप घेऊनच आला. दौलतरावांनी त्याला दारातच अडवलं.

"टेप खिशात ठेव. विटा नाही, रेती नाही, सिमेंट नाही. पफ पॅनलची खोली बांधून राह्यलो मी. दोन पत्रे अन् मधात घट्ट फोम. तेच भिंत, तेच खांब. चहाचा थर्मास पाह्यला ना? तसं. भायेरची गरमी भायेर, आतला गारवा आत. आवाज बी इकडचा तिकडं जात नाही."

नरेंद्रनं शांतपणे सारं ऐकलं. मग म्हणाला, "अन् पाणी किती दिवस मारा लागते?"

"पाणी माराचंच नाही."

"भाऊजी, ज्या भिंतीवर पाणी मारा लागत नाही, ते भिंत कायची? डब्बा हाय तो."

हा 'डब्बा' संध्याकाळपर्यंत गावभर फिरला आणि पंचफुलाबाईंच्या मनात पक्का बसला. त्यांनी अट घातली. "खोली उभी राहू द्या. मी एक दुपार आत झोपून पाह्यतो. झोप लागली तं राह्यतो वावरात. नाही लागली तं मी गावातच बरी, अन् तो डब्बा नरेंद्रले द्याचा. त्याच्या सिमेंटच्या गोण्या ठेवाले."

"गोण्या मस्त कोरड्या राह्यतीन," नरेंद्र म्हणाला. त्यानं तेवढ्यात खोलीत किती गोण्या मावतील याचा अंदाजही घेतला.

इथं दौलतरावांच्या मनातली गोष्ट सांगायला पाहिजे, कारण ते स्वतः कधी सांगणार नाहीत. वावरात राहायची त्यांना हौस होती, पण एकट्यानं नाही. सारी उमर मुक्कामाच्या गाड्यांवर गेली. ते भलत्याच गावात, बायको इथं, आणि पोरीचं दुखणं-खुपणं तिनं एकटीनं काढलेलं. आता उरलेलं आयुष्य तिच्यासोबत, आपल्या विहिरीच्या पाण्यावर, निवांत काढावं असं त्यांना फार फार वाटत होतं. पण असलं काही बायकोला सांगायचं म्हणजे त्यांची जीभ जड व्हायची. मग ते तिला पॅनलचे गुण सांगत बसायचे. ती जांभया देत ऐकायची.

अकोल्याहून ट्रक आला. फिटर लोकांनी चार कोपऱ्यांना सिमेंटचे ठोकळे मांडले, त्यांच्यावर लोखंडी फ्रेम टाकली, फ्रेमवर तळाची फळी. मग एका पॅनलच्या खाचेत दुसरं पॅनल सरकवत गेले, स्क्रू पिळले, वर छताचं पॅनल चढवलं, आणि लोक चहा पिऊन येईपर्यंत वावरात पांढरी शुभ्र खोली उभी. एक दार, बाहेर उघडणारं. एक खिडकी, तिला दुहेरी काच आणि ग्रिल. फ्रेम ठोकळ्यांना बोल्टनं आवळायची तेवढी राहिली.

"ते मी कसतो," दौलतराव म्हणाले. बोल्ट त्यांच्या खिशातच राहिले.

शेजारचं वावर निजामुद्दीनचाचांचं. रिसोडला त्यांचं कापडाचं दुकान, पण जीव सारा शेतात. त्यांनी येऊन खोलीला एक फेरी मारली, दोन वावरांमधल्या धुऱ्यावरच्या दगडाकडे पाहिलं, परत खोलीकडे पाहिलं. "दौलतभाऊ, खोली एकदम झकास. बस, तिचा एक कोपरा धुरा वलांडून माझ्या इकडं आला. असंन हातभर. राहू द्या, मले त्याचं काही नाही. नजरेस पडलं म्हनून बोललो."

आता आमच्याकडे हातभर धुऱ्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तिथं हा भला माणूस आपणहून राहू द्या म्हणतो. दौलतरावांनी हात जोडून गप बसावं की नाही? पण मागे नरेंद्र उभा होता, आणि नरेंद्र हसला.

"हासतो कायले?" दौलतराव म्हणाले. "तुह्या विटाची असती तं पाडाच लागली असती. माझी सरकते."

"सरकते म्हंजे?"

"उचलाची अन् बाजूले ठेवाची. छप्पर नाही का उचलत व्हतो आपण?"

हे मात्र खरं. पूर्वी तुराट्या-गवताचं छप्पर एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तर सारी आळी गोळा व्हायची. खालून लाकडाच्या लांब बल्ल्या घालायच्या, खांद्यावर घ्यायचं, आणि अख्खं छप्पर माणसांच्या पायांनी चालत जायचं.

"अरे भाऊ, मी राहू द्या म्हनून राह्यलो ना," चाचा काकुळतीला आले.

"नाही चाचा. तुमचं हातभर तुमाले वापस भेटलंच पाह्यजे." झालं. आता त्यांना अडवणारा माणूस वाशिम जिल्ह्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दौलतराव गावात माणसं गोळा करत फिरत होते. घरी त्यांनी काही सांगितलं नव्हतं, खोली सरकवून झाल्यावर बायकोला चकित करायचा त्यांचा बेत होता. इकडे पंचफुलाबाईंनी पाहिलं, हा माणूस बाहेर गेला आहे, आता झोपून पाहायला बरं. तो सोबत असला तर गारव्याचं वर्णन करत बसेल आणि डोळ्याला डोळा लागू देणार नाही. त्यांनी किल्ली घेतली, पांदीच्या वाटेनं वावरात आल्या, खिडकीचा पडदा ओढला, आतून कडी लावली आणि बाजेवर आडव्या झाल्या. पाचव्या मिनिटाला त्या घोरत होत्या. हे तुम्हाला माहीत, मला माहीत. दौलतरावांना माहीत नव्हतं.

ऊन कललं तशी मंडळी जमली. नरेंद्रनं बांधकामाच्या बल्ल्या आणल्या होत्या. डब्बा कुठून फाटतो ते त्याला जवळून पाहायचं होतं. दौलतरावांनी दार ओढून पाहिलं. बंद.

"किल्ली घरी राह्यली. जाऊ द्या, आत बाज अन् गादीच हाय." त्यांनी मागच्या भिंतीपाशी आपली जागा घेतली आणि पॅनलवर दोन थापा मारल्या. डबल बेल. उभ्या आयुष्यात ज्या इशाऱ्यावर गाडी निघाली त्याच इशाऱ्यावर खोली निघाली.

मधल्या बल्लीला धनसिंग होता, गावातला सगळ्यात दांडगा गडी. तो म्हणाला, "भाऊ, ह्या कोपऱ्याले जड लागून राह्यलं."

"तिकडं फोम जास्त भरला असंन. चाल तू."

खोली धुऱ्याच्या अलीकडे आली. काम खरं म्हणजे इथंच संपलं होतं. पण खोली खांद्यावर, खाली अर्धं गाव, असा योग पुन्हा कधी यायचा? दौलतरावांची नजर विहिरीजवळच्या मोठ्या कडुलिंबाकडे गेली. "थांबू नका. लिंबाखाली घ्या, सावली बी भेटन."

"दौलतभाऊ, मी हातभर म्हनलं व्हतं," चाचा मागून पळत पळत म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

लिंबाजवळ आल्यावर दौलतरावांच्या अंगात खरा वाहक संचारला. ते मागे बुंध्याशी जाऊन उभे राहिले आणि हातवारे करू लागले. "येऊ द्या, येऊ द्या. डावीकडं मारा. येऊ द्या, लय जागा हाय. येऊ द्या. बस." एक थाप. खोली जमिनीवर टेकली. मागच्या भिंतीत आणि बुंध्यात बोट जाईल एवढंच अंतर होतं. खोली टेकता टेकता दौलतराव अंग चोरून बाजूला निसटले होते. एवढी सुंदर रिव्हर्स त्यांनी नोकरीतही कधी लावली नव्हती.

फक्त एसटीचं दार बाजूला असतं. या खोलीचं दार नेमकं त्या मागच्या भिंतीत होतं.

नरेंद्रनं बल्ली खाली ठेवली, खोलीला एक चक्कर मारली आणि नम्रपणे विचारलं, "भाऊजी, आत कुठून जाचं?"

"ते पाहू. पह्यले चहा घ्या समदे," दौलतराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका ठाम होता की दोघा-तिघांना वाटलं, आत जायची काही नवी सोय असेल. मंडळी चाचांच्या वावरातल्या गोठ्याकडे चहा-भज्यांना गेली.

तेवढ्यात दौलतरावांचा फोन वाजला. मुलगी सपना होती. "बाबा, आई तुमच्यापाशीच हाय ना? दुपारीच किल्ली घेऊन वावरात गेली. म्हने, मी झोपून पाह्यतो."

दौलतरावांनी फोन तसाच गवतावर टाकला आणि पळाले. खिडकीच्या पडद्याला एक फट होती. त्या फटीतून बाजेवरचे दोन पाय दिसले. पाय हलत नव्हते.

"पंचफुला! ए पंचफुला!" त्यांनी काच बडवली, पत्रा बडवला, गाडीभर माणसांवर चालणारा आपला आवाज होता नव्हता तेवढा काढला. पाय जागचे हलले नाहीत. इकडचा आवाज तिकडं जात नाही, हे त्यांनीच गावाला शंभरदा सांगितलेलं.

चाचा धापा टाकत आले. "आत हवा जाते का, भाऊ?"

दौलतरावांनी चाचांचा हात घट्ट धरला. "चाचा, तिच्याबिगर मी वावरात काय करू? मले कायले पाह्यजे हे खोली? तिच्यापायी तं केलं सारं." आणि ते खरोखर रडायला लागले.

चाचांनी हाक मारली तशी माणसं हातातली भजी टाकून धावली. या वेळी थापा नाहीत, इशारे नाहीत. सगळ्यात पुढची बल्ली नरेंद्रच्या खांद्यावर होती आणि तो "ताई, ताई" म्हणत होता. खोली उचलली, गर्रकन फिरवली आणि घाईत जरा जोरातच आपटली.

आत कडी वाजली. दार उघडलं. पंचफुलाबाई डोळे चोळत उंबरठ्यावर आल्या. त्यांनी एक लांब जांभई दिली, बल्ल्या घेऊन उभी असलेली माणसं पाहिली, मग वर पाहिलं.

"हा लिंब इथं कसा आला?" त्यांनी विचारलं.

दौलतराव दुपट्ट्यानं डोळे पुसत पुढे झाले. "बरी हायेस ना तू?"

"मले काय झालं? लगन झाल्यापासून अशी झोप लागली नाही. पाळण्यात घातल्यावानी वाटलं."

एवढं ऐकलं आणि दौलतरावांची छाती पुन्हा जागच्या जागी आली. ते नरेंद्रकडे वळले. "गोण्याइले दुसरी जागा पाहा." मग बायकोकडे. "म्हंजे पसंत हाय?"

"हाय पसंत. उद्याच सामान आणा. इथंच राह्यतो मी."

दौलतरावांना आनंद पोटात मावेना. नको ते बोलून गेले. "मी एवढा वरडलो खिडकीपाशी. तुले खरंच काही आयकू नाही आलं?"

"तुमी? वरडले?"

"बेंबीच्या देठापासून."

पंचफुलाबाईंनी आत जाऊन भिंतीवरून हात फिरवला. पॅनल बोटानं वाजवून पाहिलं. दार लावलं, परत उघडलं. खोली आवडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर आता कुठं नीट उमटलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "माझी बाज आत राहू द्या. तुमची लिंबाखाली टाका."

आता दोघं वावरातच राहतात. खोली पाहायला लोक अजून येतात, अगदी लांबच्या इंझोरी गावाहूनही आले होते. दौलतराव लिंबाखालच्या बाजेवर बसून त्यांना पॅनल, फोम, खाच, स्क्रू सारं समजावून सांगतात, अगदी छातीठोकपणे. शेवटी कोणीतरी विचारतंच, "पण आत खरंच थंड लागते का?"

"लागते," दौलतराव म्हणतात. "म्हंजे, म्हनते ती."