प्रवेशपत्रातला डावा गुडघा

नातीने दाखवलेली विद्यापीठाची चित्रफीत पाहताना 'अधिक माहिती हवी' या बटणावर आजीचं बोट पडलं आणि संपर्कासाठी आजीचाच नंबर गेला. घरात बाकी सगळ्यांचे फोन कामात असत. रिकामा तेवढा तिचाच होता.

वास्तविक नातीचं ठरलेलं होतं. तिला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं होतं आणि जवळच्या जुन्या कॉलेजात प्रत्येकाला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक मिळे. त्या कॉलेजाची जाहिरात म्हणजे दाराशी लावलेला फळा. काही विचारायला गेलं की खिडकीतले कारकून म्हणत, "फळा वाचा."

विद्यापीठाचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"नमस्कार आजी! मी तुमची प्रवेश-मैत्रीण. नात काय म्हणते? आणि तुमची तब्येत?"

आजीला वाटलं, नंबर चुकला. तब्येतीची चौकशी शेवटची केली होती ती डॉक्टरने, तीही तपासण्यापुरती.

"डावा गुडघा जरा धरतो गं."

"अगं बाई! शेकता ना?"

मग रोज सकाळी नऊला गुडघ्याची विचारपूस होऊ लागली. आठवडाभरात आजीने तिला आपल्या शाळेतल्या बाकापासून सगळा इतिहास सांगून टाकला.

जुन्या कॉलेजच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी नात कागद घेऊन निघाली, तर आजी दारात उभी.

"तिथे माणुसकी म्हणून नाही! ही पोरगी बघ, किती मायेने विचारते."

"आजी, ती गुडघ्याचं विचारते. मला सूक्ष्मदर्शक हवाय."

"गुडघा जपणारी माणसं सूक्ष्मदर्शक जपणार नाहीत होय?"

"आई म्हणतेय तर जा तिकडे," मोबाइलवरून नजर न उचलता आजीच्या मुलाने, म्हणजे नातीच्या बाबांनी, निकाल दिला. त्याने आईचं ऐकल्याला बरीच वर्षं झाली होती.

प्रवेशपत्राबरोबर विद्यापीठाचा एक अंतर्गत तक्ता चुकून आला. 'विद्यार्थिनीची आवड : नोंद नाही. निर्णय घेणारी व्यक्ती : आजी. मन वळवण्याचा मार्ग : डावा गुडघा.' आजीने त्याची घडी घालून उशीखाली सारली.

फोन थांबले. शेवटी तिनेच लावला.

"आजी, हा विभाग इच्छुकांसाठी आहे. तुमचं प्रकरण निकाली निघालंय."

महिन्याने वसतिगृहातून नातीचा फोन आला. "इथे सूक्ष्मदर्शक एकच आहे, आजी. तो जाहिरातीच्या चित्रीकरणात असतो. आम्हाला त्यात हसऱ्या चेहऱ्याने बघायला बोलावतात. भिंगच बसवलेलं नाही."

जुन्या कॉलेजची मुदत कधीच सरली होती. दोन दिवस सकाळी नऊला आजी फोन जवळ घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिने मोबाइल घेतला आणि धाकट्या नातवाच्या नावाने चौकशी-अर्ज भरला. वय : तीन.

दुसऱ्या सकाळी नऊ वाजता फोन वाजला. "नमस्कार आजी! गुडघा काय म्हणतो?"

"कुणाशी बोलतेयस, आई?" मुलाने आतून विचारलं.

"विद्यापीठाशी."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला.

प्रवेश अजून सुरू आहेत. तुमच्या घरात शिकणारं कुणी नसलं तरी अडत नाही. घरात आई असावी आणि तिची विचारपूस कुणी करत नसावं, एवढी पात्रता पुरेशी आहे.