आरोग्याचा तास कैसा राखिला, त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णेस नमस्कार करून, आणि पचेल तितकेच लिहावे ऐसा नेम धरून, लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद मासी एका शाळेच्या राज्यात (नाव लिहिण्यास मनाई आहे) नववी ब म्हणोन प्रांत होता, आणि तेथील रयत चौदा वर्षांची, दाढा बळकट, आणि वेशीबाहेर बबनशेठ नामे सरदार गाडा लावून वडे, मंचुरियन आणि वेफर्सच्या पुड्या यांचा मारा करीत असे, तेणेकरून रयतेचे डबे घरून भरलेले येत आणि भरलेलेच घरी जात. मग श्रीमंत मुख्याध्यापक रणपिसे साहेब यांनी हेमलताबाई पाटणकर यांस दर शुक्रवारी आरोग्याचा एक तास नेमून दिला. बाईंची नोकरी बहुत जाहली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी हुकूम मानून त्यांनी पडद्यावर सडक्या दातांची आणि सुजल्या काळजांची चित्रे दाखविली, आणि रयतेने ती वेफर्स खात खात आवडीने पाहिली. मग दप्तरांची झडती घेतली, तो पुड्या मोज्यांत गेल्या. मग बाईंनी शपथा घेवविल्या, आणि शपथ घेऊन भूक लागली म्हणोन रयत गाड्यावर गेली.

ऐसे होता होता एके शुक्रवारी बाई इतक्या थकल्या की बोलवेना. मधल्या सुट्टीत पालकांनी गाठले होते, जेवण राहिले होते. मग खुर्चीवर बसून त्यांनी आपला डबा उघडिला. आत मटकीची उसळ, वर कांदा, वर लिंबू. वर्गात वास सुटला, आणि पुढल्या बाकावरील ऋतुजा वाकळे, जी पुड्यांच्या व्यापारात सर्वांत हुशार, ती बोलिली, "बाई, एक घास द्या ना."

"मुकाट बस. पोषण वाच."

"वाचते बाई. पण द्या ना."

बाईंनी दिला. मग प्रज्योत गवंडी आला, मग मागले बाक आले, आणि बाई उपाशी राहिल्या. पुढल्या आठवड्यापासून नववी बच्या खिडकीच्या गजांस मटकीची ओली फडकी लोंबू लागली. मुले मोड कोणाचे लांब यावरून भांडू लागली, आणि बबनशेठ भर दुपारी गाड्यावर माशा मारू लागला.

मार्गशीर्षात तपासनीस साहेब येणार ऐसे कळले. मग रणपिसे साहेबांनी बाईंस बोलावून सांगितले, "बाई, कमाल केलीत. आता साहेबांनी एकदा डोळ्यांनी पाहिले की तुमचा तास घोरपडे सरांना देतो. गणित फार मागे आहे."

"पण सर, आत्ता कुठे खायला लागलीत हो."

"तेच म्हणतो! मुले बरी झाली, आता औषध कशाला?"

दाराशी ऋतुजा खडू मागावयास उभी होती, तिने सर्व ऐकिले, आणि खडू न घेताच गेली. वर्गात मसलत बसली. बाईंचा तास जातो हे एक दुःख, आणि त्या जागी घोरपडे सर येतात हे दुसरे, त्यांत मोठे कोणते हे ठरले नाही.

तपासणीचे दिवशी साहेब वर्गात शिरले, तो बाकाबाकावर पुड्या, बोटे केशरी, आणि प्रज्योताच्या तोंडात इतका ऐवज की नाव विचारले ते सांगता येईना. खिडकीत एक फडके नाही. रणपिसे साहेबांचा चेहरा उतरला. बाई फळ्यास टेकल्या.

तपासनीस साहेब बोलिले, "भयंकर! एक तास पुरणार नाही. दोन करा."

आणि पुड्या जप्त जाहल्या, आणि कचेरीत साहेबांच्या चहाबरोबर त्या खर्ची पडल्या.

मग वर्गात बाईंनी ऋतुजास विचारिले, "हे काय केलंत गं?"

"बाई, तुमच्यासाठीच खाल्लं! तास वाचला की."

"बरं. आणि लागलं कसं?"

"शी! खारट नुसतं. पहिली पुडी तर गिळवत नव्हती."

"आणि दुसरी?"

ऋतुजाने खिडकीबाहेर पाहिले, प्रज्योताने पाहिले, आणि मागले बाक तर आधीपासूनच पाहात होते. खाली बबनशेठ कढईखाली जाळ करीत होता.

बाईंनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली, आणि बोलिल्या, "मटकी भिजत घाला. पहिल्यापासून."

येणेप्रमाणे तास राहिला, तो दुप्पट जाहला. बाईंचे गुडघे होते तैसेच राहिले, घोरपडे सर रुसले, आणि बबनशेठने गाड्यास नवे छप्पर घातले. हकीकत संपली, शुक्रवार संपत नाहीत.