खिल्लारे मॅडमचा खड्डा

आमच्या कॉलेजात खिल्लारे मॅडम मुलांची हजेरी घेतात आणि सरड्यांचीही. सकाळी पहिल्या तासाआधी बगलेत छत्री, साडीचा काठ वर खोचलेला, अशा त्या आवारभर फिरतात आणि वहीत लिहितात: सायकल स्टँड, सापसुरळ्या दोन. कँटीनमागे धामण एक. माझ्या लायब्ररीच्या पायरीवरचा सरडा गैरहजर असला की खुलासा मला द्यावा लागतो.

"भाऊ, काल इथं फिनाईल टाकलं का कोणी?"

मी ग्रंथपाल. पुस्तकांची मोजणी वर्षातून एकदा करतो, तीही नाइलाजाने.

मॅडम प्राणिशास्त्र शिकवतात. साप दिसला म्हणून कोणी ओरडलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "त्याले पत्ताच नाई." म्हणजे तुम्ही कोण, तुमचा हुद्दा काय, यातलं त्या सापाला काही ठाऊक नाही. एकदा स्टाफरूममध्ये धामण निघाली. सगळे खुर्च्यांवर, फिजिक्सचे सर तर थेट टेबलावर. मॅडम दारात उभ्या राहिल्या. "काहून वर चढले, सर? धामण बिनविषारी हाय. बाकी स्टाफरूमचं मी लिहून देऊ शकत नाई."

गेल्या पावसाळ्यात कॉलेजला श्रेणी द्यायला समिती येणार होती. लायब्ररीमागे मोठा खड्डा आहे. कधीकाळी पाण्याच्या टाकीसाठी खणला. टाकी आली नाही, पाणी आलं. प्राचार्यांनी हुकूम काढला की खड्ड्यात मुरूम टाका, वर फरशा बसवा आणि तिथे सेल्फी पॉइंट करा.

मॅडम तडक केबिनमध्ये गेल्या. मी फाईल घेऊन तिथेच उभा होतो.

"सर, आठ दिवस थांबा. खड्ड्यात बेडूकमासे हायेत. मागचे पाय फुटले, समोरचे बाकी हायेत."

"मॅडम, समिती गुरुवारी येतेय. बेडकांच्या पायांसाठी ती थांबेल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. मॅडमनी रजेचा अर्ज दिला, कारण लिहिलं 'घरगुती', आणि खड्ड्याच्या काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकून पेपर तपासत बसल्या. जेसीबीवाला जवळच्या किन्हीराजा गावचा. त्यानं दोनदा हॉर्न दिला, मग खाली उतरला.

"मॅडम, बाजूले व्हा न. मले अजून दुसरीकडं जाच हाय."

"लेकरं हायेत का तुले?"

"एक पोरगी हाय. आत्ता कुठं रांगून राह्यली."

"मंग ह्यायले बी रांगू दे."

तो उकिडवा बसून बराच वेळ पाण्यात पाहत राहिला. नंतर प्राचार्यांकडे जाऊन त्यानं सांगितलं, मशीनचा ऑइलचा पाइप फुटला, आठ दिवस लागतात. आणि पाइप फुटलेली मशीन चालवत गेटाबाहेर गेला.

गुरुवारी समिती खड्ड्यापाशी थबकली. अध्यक्षांनी विचारलं, "हे काय?" प्राचार्यांनी कपाळ पुसलं. "हा आमचा उभयचर संवर्धन प्रकल्प. मूळ कल्पना माझीच." अध्यक्ष खूश झाले, त्यांनी फोटो काढला. मागे उभ्या मॅडम अध्यक्षांकडे पाहत माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्याले पत्ताच नाई."

आठवड्यानं दुपारी पावसाची एक सर पडून गेली आणि खड्ड्यातून नखाएवढे बेडूक बाहेर पडू लागले. शेकडो. मॅडम मधल्या रस्त्यावर छत्री आडवी धरून मोटारसायकली अडवत होत्या. मी लायब्ररीच्या पायऱ्या उतरून गेलो आणि सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला यांचा एवढा लळा कशामुळे?"

त्यांनी जमिनीवरची नजर काढली नाही. "नोकरीवर आली तवा इथं मालेगावात खोली पायत फिरली. खोली रिकामी राहे, आडनाव सांगतलं का भरून जाये. मंग तवाच्या साहेबानं तुमच्या लायब्ररीमागची स्टोअररूम देली. दीड वर्ष राह्यली तिथं. कॉलेज सुटलं का बोलाले कोणीच नाई. हेच बोलत."

वहीत नोंद करावी तशा त्या बोलल्या.

मी तेव्हाही इथेच होतो. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून त्या स्टोअररूमचं दार दिसतं. ओलीचा वास येतो म्हणून मी ती खिडकी कायम बंद ठेवत असे.

"मॅडम, आज घरी चला चहाला," मी म्हणालो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्यांनी वर पाहिलं. "वैनीले सांगतलं का?"

"सांगतो."

"मंग थांबा थोडं. हे पार होऊ द्या."

मी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. समोरून प्राचार्यांची गाडी आली. मी हात वर केला. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मी हललो नाही.